अडगळ

नोकरी गेली आणि मी देवगाव फाट्यावर परत आलो. आबांचं पंक्चरचं दुकान फाट्यावरच आहे. शेवटच्या मुलाखतीत विचारलं होतं, ‘लिंकर नेमकं काय करतो?’ इंजिनिअरिंगची चार वर्षं आणि नोकरीची पाच, तरी मला धड सांगता आलं नाही. ते फार लागलं.

म्हणून दुकानामागच्या खोलीत ‘लिनक्स फ्रॉम स्क्रॅच’ बांधायला घेतलं. गेरार्ड बीकमन्सने १९९९मध्ये सुरू केलेलं हे पुस्तक एकेक पॅकेज सोर्सपासून स्वतः कंपाइल करायला लावतं.

तिथे स्टॅटिक लायब्ररी भेटली. ‘डॉट ए’ फाइल म्हणजे ऑब्जेक्ट फायलींचं गाठोडं. लिंकर त्यातले लागणारे तुकडे प्रोग्रॅमच्या पोटात कॉपी करतो. ‘डॉट एसओ’ची मात्र एकच प्रत असते, ती सगळे चालताना वापरतात. २००२मध्ये झेडलिबमध्ये सुरक्षेची चूक सापडली, तेव्हा शेअर्ड प्रत वापरणाऱ्यांचं एक फाइल बदलून भागलं. ज्यांच्या पोटात जुनी प्रत होती, ते प्रोग्रॅम मात्र शोधून शोधून पुन्हा बांधावे लागले. म्हणूनच पुस्तक झेडलिबची ‘डॉट ए’ पुसायला सांगतं.

मला वाटलं, एकच कशाला? एका आज्ञेत सगळ्या पुसल्या.

पुढच्याच पॅकेजला कॉन्फिगर अडलं. कंपायलरला एक्झिक्युटेबल बनवता येईना, लिंकरला लिबजीसीसी सापडेना. ती स्टॅटिकच असते, आणि जीसीसीला जवळपास प्रत्येक लिंकिंगला लागते. मग ‘लिबसी डॉट एसओ’ उघडून पाहिली. लायब्ररी कुठली, तो काही ओळींचा मजकूर निघाला आणि त्यात ‘लिबसी-नॉनशेअर्ड डॉट ए’चा पत्ता होता. शेअर्ड म्हणवणाऱ्या लायब्ररीलाही एका छोट्या स्टॅटिक फाइलचा टेकू होता, आणि तो मीच काढला होता. पुस्तकाने सांगितल्याप्रमाणे बॅकअप घेतला होता म्हणून वाचलो, पण दोन दिवसांचं काम गेलं.

संध्याकाळी आबांना सांगितलं. त्यांना सगळं कळलं नसावं. त्याच आठवड्यात मी दुकानातल्या जुन्या ट्यूबांचा ढीग भंगारात द्या म्हणून मागे लागलो होतो. ते एवढंच म्हणाले, “कशाला लागतं ते आधी बघावं लागतं, बाळा.”

मी पुन्हा कंपाइल सुरू केलं. या वेळी पुसायच्या फायलींची नावं वहीत लिहिली आणि प्रत्येकीपुढे कारण. झेडलिबपुढे लिहिता आलं. लिबजीसीसीपुढे लिहिलं, ‘ठेवायची’. लिंकर काय करतो, ते आता कुणी विचारलं तर सांगता येईल.