सहा क्लिक उजवीकडे

रेक्टर सर हे वाचत असतील म्हणून आधीच एक खुलासा करतो. आमच्या रूमवर पिस्तुल नाही, कधी नव्हतं. जे होतं ते जिमखान्याच्या लोखंडी कपाटात, कुलपात. तेही एअर पिस्तुल. दारू नाही, धूर नाही. दाबलेल्या हवेवर साडेचार मिलिमीटरचा शिशाचा छर्रा सुटतो, बस. तरी घरी फोनवर सांगितलं तेव्हा आई अर्धा मिनिट काही बोललीच नाही. मग हळूच म्हणाली, "बाबांना इतक्यात सांगू नकोस."

सेकंड इयरला होतो. १ ऑगस्ट २०२४ ला कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला रायफलमध्ये ब्राँझ मिळवलं आणि आमच्या जिमखान्यात एकाएकी रांग लागली. तो रायफलवाला, आमच्याकडे पिस्तुल, पण एवढा फरक कोण बघतो! पहिल्या आठवड्यात चाळीसेक पोरं होती. जवळजवळ किलोभराचं वजन एका हातात, हात सरळ ताणून, तास-तासभर धरायचं म्हणजे काय हे कळल्यावर गणपतीपर्यंत बारा उरली. सबमिशनं सुरू झाली तेव्हा दोघंच राहिलो. मी आणि माझा रूम पार्टनर. पिस्तुल एकच. आधी तो मारायचा, मग मी. पुढची सगळी भानगड या एका पिस्तुलामुळेच झाली.

ज्यांनी पिस्तुल हातात धरलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. नळीच्या टोकाला एक उभी पट्टी असते, तिला जुने लोक माशी म्हणतात. डोळ्याच्या बाजूला मागची साइट, तिच्यात एक चौकोनी खाच. खाचेत माशी मधोमध दिसली पाहिजे, दोन्हीकडे सारखा उजेड, वरची कड एका रेषेत. नजर माशीवर. दहा मीटरवरचं काळं वर्तुळ अंधूक दिसतं आणि ते तसंच दिसायला हवं, हे पटायलाच मला पंधरा दिवस लागले. त्यात आणखी गंमत अशी की नेम वर्तुळावर धरायचाच नाही. त्याच्या खालच्या पांढऱ्यात धरायचा आणि साइट अशी लावून ठेवायची की छर्रा वर, मध्यात जाईल. दहाचं वर्तुळ किती मोठं? ११.५ मिलिमीटर व्यासाचं. शर्टाचं बटण. त्याच्या बाहेर दर ८ मिलिमीटरला एकेक गुण कमी.

आमच्या पिस्तुलात माशीपासून मागच्या साइटपर्यंत अंतर साधारण ३३ सेंटिमीटर. समरूप त्रिकोण दहावीत सगळ्यांनी केलेत. खाचेत माशी एक मिलिमीटर इकडेतिकडे झाली की दहा मीटरवर तीस मिलिमीटरचा फरक. दहाचा सरळ सात किंवा सहा. मागच्या साइटला दोन स्क्रू असतात, एक आडवा, एक उभा, फिरवले की क्लिक क्लिक करतात. आमच्या पिस्तुलाला एका क्लिकला छर्रा कागदावर साधारण अडीच मिलिमीटर सरकायचा, हे मी स्वतः मोजलेलं. नियम सोपा आहे. छर्रा जिकडे न्यायचाय तिकडे मागची साइट सरकवायची.

आता माझं दुखणं. माझे छर्रे डावीकडे खाली जायचे. रोज. घड्याळात साडेसात वाजता तास काटा असतो तिथे. पार्टनर त्याच पिस्तुलाने मध्यात मारायचा, पण ते मी सोयीस्करपणे विसरायचो. सर म्हणायचे, "आधी ग्रुप दाखव, मग स्क्रूला हात लाव." ग्रुप म्हणजे पाच छर्रे एकमेकांजवळ पडणं. ते कुठे पडतात हा पुढचा प्रश्न. मेट्रॉलॉजीच्या वायव्हात आपण हेच धडाधडा सांगतो की प्रिसिजन वेगळं, अ‍ॅक्युरसी वेगळी, मायक्रोमीटरची झिरो एरर वजा करायची. आणि माझा ग्रुप कसला? ताटभर सांडलेले पोहे. पण सांडले होते डावीकडे खाली हे नक्की.

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी पार्टनर सराव आटोपून मेसला गेला. मी एकटाच मागे राहिलो. वैतागलो होतो. पाच मारले, डावीकडे खाली. मग खिशातला छोटा स्क्रू ड्रायव्हर काढला आणि सहा क्लिक उजवीकडे, चार वर. पुढचे पाच झकास मध्यात! निदान मध्याच्या आसपास. आयला, पिस्तुलच वाकडं होतं तर, असं मोठ्याने म्हणालो. पिस्तुल पेटीत, पेटी कपाटात, चावी सरांकडे. मेसमध्ये त्या दिवशी अंडाकरी होती. पार्टनर समोर बसला होता. स्क्रू फिरवल्याचं मी बोललो नाही. विसरलो, असं मी पुढे बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. खरं म्हणजे उद्या सकाळी सांगू असं ठरवलं होतं, आणि सकाळी बसमध्ये तो डोळे मिटून श्वास मोजत बसला होता तेव्हा म्हटलं, कशाला आत्ता डिस्टर्ब करा.

नवशिक्यांचा गट, ४० छर्रे, कागदी टार्गेट. तो पहिल्या फेरीत, मी दुसऱ्या. सरावाचे छर्रे मारताना त्याचे उजवीकडे वर जाताना मला मागच्या खुर्चीवरून दिसले. त्याने पिस्तुल खाली ठेवलं, मनगट चोळलं, परत उचललं. स्क्रूला हात लावला नाही. त्याला वाटलं आपलाच हात बिघडलाय. मग तो अंदाजाने डावीकडे खाली नेम धरत राहिला. असं चाळीस वेळा कुणाला जमणार? सरावात ३४०-३४५ सहज मारणारा माणूस ३०९ वर आला. मी त्याच पिस्तुलाने ३३८ मारले, तोवरचा माझा उच्चांक. पुढच्या फेरीसाठी आमच्या कॉलेजातून एकाचंच नाव जायचं होतं. माझं गेलं. येताना त्याने मला चहा पाजला. वर म्हणाला, "आज हातच चालला नाही रे."

चार दिवसांनी सरांनी वेगळाच सराव घेतला. पिस्तुल ते भरून द्यायचे, पण कधी छर्रा घालायचे, कधी नाही, आणि आपल्याला दाखवायचे नाहीत. दुसऱ्याच वेळी छर्रा नव्हता. मी चाप ओढला आणि नळीचं टोक सगळ्यांसमोर डावीकडे खाली झुकलं. आवाज फक्त "टक्". पिस्तुल सुटायच्या आधीच मी त्याला हिसका देत होतो. उजव्या हाताने मारणाऱ्याने चाप झटक्यात ओढला की हे हमखास होतं, हे सरांनी पहिल्या दिवशीच सांगितलेलं.

मग सरांनी वाळूची पिशवी टेबलावर ठेवली, पिस्तुल तिच्यावर टेकवून स्वतः पाच मारले. पाचही छर्रे एका रुपयाच्या नाण्याखाली झाकले गेले असते, पण उजवीकडे वर. सरांनी मागची साइट डोळ्याजवळ नेऊन पाहिली. "ही कोणी हलवली?" पार्टनर माझ्या शेजारीच उभा होता. मी म्हणालो, "मी, सर." किती, ते सांगितलं. सर काही बोलले नाहीत. त्यांनी क्लिक मोजत स्क्रू मागे नेला, दोन क्लिक जास्त, आणि परत दोन पुढे आणला. लेथच्या क्रॉस स्लाइडला बॅकलॅश काढतो ना, तसंच. पुढचे पाच मध्यात.

रात्री रूमवर लाइट घालवून दोघेही जागे. शेवटी तोच म्हणाला, "किती क्लिक म्हणालास?"

"सहा उजवीकडे. चार वर."

त्याने लाइट लावला. जर्नलच्या पाठीमागे लिहिलं. पंधरा मिलिमीटर, दहा मिलिमीटर, वर्ग, बेरीज, वर्गमूळ, अठरा. मग गादीखालून एक कागद काढला. स्पर्धेतलं सरावाचं टार्गेट, त्याने जपून ठेवलेलं. का ते मी विचारलं नाही. छर्र्यांची भोकं उजवीकडे वर एकाजागी होती, एकमेकांत घुसलेली. पट्टी लावून मोजलं. सतरा.

"म्हणजे ग्रुप चांगला होता," तो म्हणाला. एकदा माझ्याकडे म्हणाला, एकदा कागदाकडे बघून.

मी सॉरी म्हणालो. त्याने लाइट बंद केला. पुढचे आठ दिवस आम्ही "चावी कुठंय" आणि "पंखा बारीक कर" एवढंच बोललो. माझं नाव काढून त्याचं घाला म्हणून सरांकडे गेलो होतो, पण यादी पुढे गेली होती. टोकियोला २०२१ मध्ये पात्रता फेरीच्या मध्येच मनू भाकरचं पिस्तुल बिघडलं, त्या पोरीने २०२४ ला पॅरिसमध्ये ब्राँझ घेतलं, असं काहीतरी मी त्याला ऐकवायला गेलो. तो म्हणाला, "तिचं आपोआप बिघडलं होतं." यावर काय बोलणार!

पिस्तुलाच्या पेटीला आता सुतळीने एक वही बांधलेली आहे. तारीख, कोण, किती क्लिक, कुठे. दोघांची पकड वेगळी, त्यामुळे दोघांची साइटही एक-दोन क्लिकने वेगळी लागते, हेही तिच्यामुळेच कळलं. पहिल्या पानावरचं अक्षर पार्टनरचं आहे. माझ्या सहा आणि चारची नोंद त्याने मागची तारीख टाकून लिहिली आहे.

पुढच्या फेरीला मी गेलो. साइट नीट, हात तोच. ३२१. रात्री उशिरा हॉस्टेलवर पोचलो तेव्हा मेस बंद झाली होती. पार्टनरने ताट झाकून ठेवलं होतं. मी बूट काढत असताना त्याने विचारलं, "डावीकडे खाली?"

"हो."

"जेव," तो म्हणाला. "आमटी गार झालीय."