हिटरची जाळी आणि खारं पाणी

वऱ्हाडचे नाव निघाले की लोकांना ऊन आठवते. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांवर जातो. मग इथे गाडीला हिटर कशाला, असे कोणीही विचारील. पण डिसेंबरच्या पहाटे काटेपूर्णेच्या पुलावरून जाऊन पाहावे! शाल पुरत नाही आणि समोरची काच आतून धुरकट होते. अशा वेळी हिटर ही चैन नसते. ऊबही तोच देतो आणि काचही तोच साफ करतो.

२० डिसेंबर हा कर्मयोगी गाडगेबाबांचा स्मृतिदिन. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर अवघ्या चौदा दिवसांनी, १९५६ साली, अमरावतीजवळ वलगाव येथे पेढी नदीच्या पुलाजवळ बाबांची प्राणज्योत मालवली. त्या दिवशी अमरावतीला गाडगेनगरात समाधीस्थळी आणि पुढे वलगावला जाण्यासाठी विहारातील आम्ही सात जण जुन्या गाडीने अकोल्याहून पहाटेच निघालो. सोबत सत्तरी ओलांडलेल्या दोन मावश्या होत्या. बोरगाव मंजू मागे पडले तरी हिटरमधून गार वाराच येत होता. मावश्यांचे दात वाजू लागले.

मूर्तिजापूरला चहा घेऊन गॅरेज उघडण्याची वाट पाहिली. मिस्त्री मोठा जाणकार निघाला. हिटर वेगळे तेल जाळत नाही. इंजिनातले तापलेले पाणी डॅशबोर्डमागच्या छोट्या जाळीतून फिरते आणि पंखा तिच्यातून हवा सोडतो. इंजिन तापवून मिस्त्रीने जाळीकडे जाणाऱ्या दोन्ही नळ्या बेताने चाचपल्या. दोन्ही गरम असत्या तर दोष पंख्याचा किंवा हवेच्या झडपेचा. दोन्ही कोमट असत्या तर पाणी कमी किंवा थर्मोस्टॅट उघडा अडकलेला. इथे एक चटका देत होती, दुसरी गार होती. म्हणजे जाळीच तुंबलेली! इंजिन निवल्यावर नळ्या सोडून उलट्या बाजूने पाणी मारले, तेव्हा पांढरट-तांबूस गाळ बाहेर पडला.

“भाऊ, ह्या गाडीत बोअरचं खारं पानी टाकत होते काय?” मिस्त्रीने विचारले.

गाडी आधी दर्यापूर तालुक्यातल्या एका खेड्यात होती. पूर्णा खोऱ्यातला खारपाणपट्टा अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरला आहे. त्या पाण्यातले क्षार बारीक नळ्यांत बसतात, लोखंड गंजवतात. मिस्त्रीने डिस्टिल्ड पाण्यात कूलंट मिसळून भरले, आत अडकलेली हवा काढली आणि हिटर ऊब देऊ लागला.

वलगावच्या पुलावर मात्र एका मावशीने विचारले, “लोखंडाचे असे हाल, त पेनाऱ्या मानसाचे काय होत असतीन?”

या प्रश्नाने आम्ही सारेच गप्प झालो. खारपाणपट्ट्यातल्या कितीतरी गावांत किडनीच्या रोगाने माणसे खंगली आहेत. पाण्याला हात लावण्याच्या हक्कासाठी बाबासाहेबांनी २० मार्च १९२७ रोजी महाडला सत्याग्रह केला. हाती आलेले पाणी पिण्याजोगे असावे, यासाठी आता आपल्यालाच झगडावे लागेल.

तेव्हा बंधु-भगिनींनो, गाडीत बोअरचे पाणी ओतू नका. हिटर थंडीआधीच तपासून घ्या. गरम इंजिनावर रेडिएटरचे झाकण उघडू नका. इंजिन चालू ठेवून, काचा लावून उभ्या गाडीत झोपू नका. त्या विषारी वायूला वास नसतो. आणि येत्या ग्रामसभेत आपल्या गावच्या पाण्याच्या तपासणीचा कागद जरूर मागा. गाडीची जाळी धुता येते, नवी बसवता येते. माणसाच्या किडनीचे तसे नाही.

जयभीम!