काठ आत येतो

मागावर असेपर्यंत सतरंजी शहाणी असते. उतरवून, धुऊन वाळत घातली की एका जागी काठ दोन बोटं आत. फणीचा दोष नाही. दोष उल्हासनगरच्या जीन्सच्या कतरणीतल्या लायक्राचा. शंभरात दोन भाग असेल-नसेल, पण तेवढा पुरतो.

हा लायक्रा बसतो आडव्या, पांढऱ्या धाग्यात. निळा, उभा धागा बहुतेक निव्वळ कापसाचा. म्हणजे निळ्याच्या अंगानं पट्टी कापली की भांडण मिटलं. पण कॅम्प पाचमधून पोत्यात येतात ते खिशांचे कोपरे आणि जांघेच्या चंद्रकोरी. त्यात लांबी मिळते ती नेमकी आडवी. मग पांढरा धागा उपसून हळूच ओढायचा. कापूस तुटतो, आतली केसाएवढी तार तुटत नाही, लांबत जाते.

पूर्वी मला धागा उपसावा लागत नसे. तुकडा चिमटीत धरला की कळायचं, आणि चार माणसं बघत असली की मी जरा जास्तच वेळ धरायचो. आता अंगठा बधिर झालाय.

गिरणीत साचाखात्यात होतो तेव्हा चिंधी साचा पुसायला. १९८२च्या संपानं साचा सुटला, बुवापाड्यात हातमाग मांडला आणि चिंधीच पोटाला आली. पानिपतवाले हीच कतरण यंत्रात पिंजून सूत काढतात. पिंजताना तंतू आखूड होतो, पीळ धरत नाही, म्हणून त्यात पॉलिएस्टर घालतात. त्याला कापड म्हणायचं तर म्हणा! लायक्रा त्यांच्याही यंत्राच्या दातांत गुंततो हे कळल्यावर मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

शेजारची पोरगी शिकायला येते. मी बाद केलेली लायक्राची रास तिनं न विचारता बाण्याला घेतली. सगळ्या पट्ट्या ओढणाऱ्याच, सगळ्या सैल, कमान देऊन टाकलेल्या. भिजवल्यावर बसकर रुंदीत सगळीकडे सारखंच आकसलं, दाट, दणकट.

‘‘मामा, यात निवडायचं काय होतं?’’

मी काठ तपासला. सरळ. ठोक हलका पडलाय म्हणालो. पडला नव्हता.

गिऱ्हाईकानं तेच उचललं. ‘‘मामा, तुमचा हातच वेगळा!’’ ती तिथंच कांड्या भरत होती. मी नाही म्हटलं नाही.

आता अख्खी सतरंजी तशी विणायची तर ताणा किती रुंद घ्यायचा? तो हिशेब तिला येतो. मला येत नाही, आणि तिला विचारायची माझी तयारी नाही.