जुन्या करवतीचे मोल

नव्या वस्तूची किंमत दुकानदार सांगतो. आपण ती देतो किंवा पाठ फिरवतो. जुन्या वस्तूचे तसे नसते. तिची किंमत दोन माणसांनी समोरासमोर बसून ठरवायची असते आणि म्हणून अशा व्यवहारात वस्तूबरोबर माणसांचीही पारख होते. हे आम्हांला एका सुताराच्या करवत-मशीनमुळे नीट उमगले.

वसईतील आमच्या गावचे एक सुतार आजारपणात वारले. घरामागच्या पडवीत त्यांचे मशीन तसेच उभे होते. बिडाचे जाड टेबल, त्याच्या फटीतून वर आलेले १२ इंची गोल पाते, खाली मोटर आणि पट्टा. १४ वर्षे त्यावर दारांच्या चौकटी, पलंग, देवघरे यांचे लाकूड कापले गेले. इस्पितळाचे देणे फिटायचे होते, म्हणून त्यांच्या पत्नीने ते विकायला काढले. घेणारा त्याच धर्मग्रामातला, नुकताच स्वतःचे काम सुरू केलेला तरुण. मावशींच्या पुतण्याने ४०,००० रुपये सांगितले. भंगारवाला ९,००० देऊन गाडीत घालायला तयार होता. तरुणाने चाचरत १५,००० म्हटले. लाकडाच्या वखारीत आम्ही अनेक वर्षे हिशेब लिहिले असल्यामुळे दोन्हीकडून आम्हांला बोलावणे आले. आम्ही सोबत एका वयोवृद्ध मेस्त्रींना नेले.

मेस्त्रींनी प्रथम वीज तोडली आणि मगच मशीनला हात लावला. लोखंडी पट्टी टेबलावर दोन्ही कर्णांवर आडवी धरून तिच्याखालून उजेड दिसतो का ते त्यांनी पाहिले. टेबल सपाट होते. वर तांबूस गंज होता, पण तो रॉकेल आणि पॉलिश-पेपरने निघणारा. बिडाला तडा गेला असता तर मात्र सौदा तिथेच संपला असता. मग पट्टा उतरवून त्यांनी पाते हाताने हलवले. ते किंचित डुलले. शाफ्ट फिरवताच खरखर ऐकू आली. ‘‘बेअरिंग गेल्यात,’’ ते म्हणाले. पात्याच्या एकाच दातावर खूण करून त्यांनी टेबलातल्या खाचेपासून त्याचे अंतर पुढे मोजले, पाते फिरवून तोच दात मागे नेला आणि पुन्हा मोजले. दोन्ही अंतरे सारखी भरली. पाते खाचेला समांतर नसेल तर कापताना लाकूड त्याच्यावर दाबले जाते आणि जळते.

सर्वांत महत्त्वाची उणीव उघड्यावरच होती. पात्यावर झाकण नव्हते आणि पात्यामागे उभी राहणारी पोलादी जीभही नव्हती. ही जीभ चिरलेल्या लाकडाची फट उघडी ठेवते. ती नसेल तर फट मिटून पाते आवळले जाते आणि फळी कारागिराच्या अंगावर उलटी फेकली जाते. मिनिटाला ३,००० फेरे घेणाऱ्या १२ इंची पात्याचे दात ताशी सुमारे १७० किलोमीटर वेगाने धावतात. तिथे हात मागे घ्यायला सवड मिळत नाही. आमच्याकडच्या किती मेस्त्रींची बोटे या एका उणिवेपायी गेली, हे वाचकांनी आपापल्या गावात आठवून पाहावे.

मग आम्ही कागद पुढे ओढला. तशाच नव्या मशीनचा घरपोच भाव आम्ही दुकानात विचारून आलो होतो. तो ६०,००० रुपये होता. टेबल, सांगाडा आणि शाफ्ट यांचे आयुष्य अजून बरेच बाकी होते, म्हणून मेस्त्रींनी निम्म्यापासून, म्हणजे ३०,००० पासून, सुरुवात करायला सांगितले. त्यातून बेअरिंग आणि बसवणी १,८००, नवा पट्टा ७००, झाकण आणि जीभ करून घेण्याचे ३,५००, टेम्पो आणि हमाली २,००० असे एकूण ८,००० वजा झाले. उरले २२,०००. पुतण्याचा चेहरा उतरला, पण एकेक रक्कम समोर मांडलेली असल्यामुळे त्याला हरकत घेता येईना.

आकडा ठरला असे आम्हांला वाटले, तोच मावशी हळूच म्हणाल्या, ‘‘एक सांगायचं राहिलं. तासभर चालली की मोटर फार तापते, असं ते म्हणायचे.’’ पुतण्या त्यांच्याकडे पाहतच राहिला. मेस्त्रींनी मोटर पुन्हा गुंडाळून घेण्याचा खर्च ४,००० रुपये सांगितला. आकडा १८,००० वर आला. त्या एका वाक्याची किंमत मावशींनी आपल्या पदराने मोजली होती, आणि इस्पितळाचे देणे तर तसेच होते.

तरुण काही वेळ गप्प उभा राहिला. मग कोपऱ्यातल्या पेटीकडे बोट दाखवून म्हणाला, ‘‘मावशी, त्या पेटीत तेलकट फडक्यात तीन पाती आहेत. त्यांच्या दातांना कार्बाइडची टोके आहेत. पुनःपुन्हा धार लावून वापरता येतात. तुम्ही ती भंगारात धरली आहेत. त्यांचे ३,००० तरी होतात.’’ सौदा २१,००० रुपयांना झाला.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्विनस यांनी ‘सुम्मा थिऑलॉजिका’ या ग्रंथात खरेदी-विक्रीतील फसवणुकीचा स्वतंत्र विचार केला आहे. घोड्याला एकच डोळा असेल तर तो दोष कोणालाही दिसतो. विकणाऱ्याने किंमत त्या मानाने उतरवली म्हणजे पुरे. परंतु जो दोष झाकलेला आहे आणि ज्यामुळे घेणाऱ्याचे नुकसान होईल किंवा त्याला धोका पोहोचेल, तो सांगणे विकणाऱ्याचे कर्तव्य आहे, असे ते मानतात. घेणाऱ्याची गरज मोठी आहे एवढ्याच कारणावरून भाव चढवू नये, असेही ते बजावतात. नसलेले झाकण हा एका डोळ्याचा घोडा होता. तापणारी मोटर हा झाकलेला दोष. त्या पडवीत ग्रंथ कोणी उघडला नव्हता, तरी त्यातला न्याय तिथे पाळला गेला.

मात्र कागदावर न बसणारी एक गोष्ट राहतेच. टेबलाच्या कडेला सुताराचा हात रोज टेकायचा तेवढा भाग गंजाविना गुळगुळीत झाला होता. मावशींच्या लेखी त्याचे मोल ४०,००० हूनही अधिक असेल. पण ते मोल घेणाऱ्याकडून वसूल करता येत नाही आणि करूही नये. ते विकणाऱ्याच्याच घरी राहते. तरुणाने देऊ केले म्हणून सुताराचा जुना गुण्या मात्र मावशींनी भिंतीवर ठेवून घेतला.

मधला आकडा काढणे म्हणजे न्याय करणे, असा एक समज आहे. ४०,००० आणि १५,००० यांचा मध्य २७,५०० येतो. पण तो दोन अंदाजांचा मध्य झाला, मशीनचे त्यात काहीच नाही. आमच्या मते, जे एकाला माहीत आहे ते दुसऱ्यालाही कळल्यावर जो आकडा टिकतो, तीच रास्त किंमत. शहरात घेणारा आणि विकणारा पुन्हा भेटत नाहीत. आपल्या गावात ते दर रविवारी चर्चच्या पटांगणात समोर येतात आणि तेव्हा कोणालाही नजर चुकवावी लागू नये, एवढ्यासाठी तरी असा हिशेब उजेडात मांडावा. झाकण आणि जीभ यांसाठी वजा केलेले ३,५०० रुपये मात्र त्याच कामी लावावेत, एवढे आम्ही त्या तरुणाला निक्षून सांगितले. कारण ती सूट मावशींनी त्याच्या बोटांसाठी दिली होती.