जड सायकल, हलकं पोर

पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीच्या पार्किंगमध्ये, जिन्याखाली किंवा मीटरच्या पेट्यांजवळ, दोन-तीन छोट्या सायकली धूळ खात उभ्या असतातच. बहुतेक १६ इंची, एखादी २० इंची. मुलाची उंची वाढते, दोन-अडीच वर्षांत सायकल अपुरी पडते आणि तिथेच राहते. टायर बसलेले, चेन तांबूस, बास्केटचा एक हूक तुटलेला. अशा सायकली मी मागून आणतो, नीट करतो आणि ज्या पोराला मापाची होईल त्याला देतो. या उद्योगात एक गोष्ट ध्यानात आली : मोठ्यांची जुनी सायकल आणि मुलाची जुनी सायकल ही अगदी वेगळी प्रकरणं आहेत.

मोठ्यांची सायकल वापराने झिजते. हबमधल्या कोनांवर खड्डे पडतात, फ्रीव्हीलचे दाते टोकदार होतात, चेन लांबते. मुलाची सायकल तेवढी चालतच नाही. ती पडून पडून गंजते. गंज बहुधा वरवरचा असतो. हब उघडला, की आतले छर्रे चकचकीत निघतात. ग्रीस मात्र नावापुरतं, आणि कोन इतके आवळलेले, की एक्सल बोटांनी फिरवताना करकर हाताला लागते. हा दोष जुनेपणाचा म्हणता येत नाही. सायकल दुकानातून घरी आली त्या दिवसापासून ती तशीच होती. म्हणजे मी जिला दुरुस्ती म्हणतो, त्यातलं निम्मंअधिक काम जोडणीच्या वेळीच राहून गेलेलं असतं.

मग इतके दिवस ते कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? कारण चालवणारा सहा वर्षांचा होता. मोठा माणूस दुकानात जाऊन सांगतो, "सायकल जड जातेय, ओव्हरऑइल करून द्या." मूल घरी येऊन सांगतं, "मला जमत नाही." यंत्राचा दोष ते बिनबोभाट स्वतःकडे घेतं. वर आपण "अरे, जोर लाव की जरा!" म्हणून त्यावर शिक्कामोर्तब करतो.

जोर लावायचा तरी किती? लोखंडी रिंगा, मडगार्ड, कॅरिअर, बास्केट आणि आधाराची चाकं धरली तर १६ इंची सायकल ९-१० किलो सहज भरते. पाच-सहा वर्षांचं पोर १८-२० किलोचं. म्हणजे त्याच्या निम्म्या वजनाची सायकल. ७० किलोच्या बापाला ३५ किलोची सायकल द्यावी आणि कात्रजचा घाट चढायला सांगावं, मग जोर लावणं म्हणजे काय ते त्याला कळेल.

म्हणून माझं पहिलं काम काढून टाकण्याचं. बास्केट, कॅरिअर, मागची टेकण्याची पट्टी, शोभेच्या तारा, सगळं खाली. दोन गोष्टींना मात्र हात लावत नाही : एक घंटी, कारण तिच्याशिवाय मुलाच्या लेखी सायकल पुरी होत नाही, आणि दुसरं चेनकव्हर, कारण पायजम्याचा पाय नाहीतर धाकट्या भावंडाचं बोट चेनमध्ये जायला क्षणही लागत नाही.

मग हब. जुने छर्रे रॉकेलमध्ये धुवायचे, वाट्या फडक्याने पुसायच्या, ताजं ग्रीस भरून छर्रे एकेक करून बसवायचे. खरी कसोटी कोन आवळताना. चेक-नट घट्ट केला, की कोनही थोडा आवळला जातो, म्हणून आधी त्याला केसभर ढील ठेवावी लागते. चाक नीट बसलं की नाही, हे पुढच्या चाकावर चांगलं कळतं. हलकेच फिरवून सोडून द्यायचं. थांबताना ते झोक्यासारखं मागेपुढे होत, जड बाजू खाली आणून स्थिर झालं पाहिजे. एकाच जागी गपकन थांबलं तर कोन पुन्हा सैल करायचा. या कामाला खर्च चमचाभर ग्रीसचा. पण पोराच्या पायांना त्यातून जे मिळतं ते नव्या रंगातून मिळत नाही.

सगळ्यात जास्त वेळ मी ब्रेकवर घालवतो. मुलांच्या सायकलीला ब्रेक असतो, पण तो मुलाला लावता येतो का, हे फारसं कुणी बघत नाही. लिव्हर हँडलपासून इतकी लांब असते, की छोटी बोटं तिच्यावर नुसती टेकतात, वळत नाहीत. पुष्कळ लिव्हरना आत एक बारीक स्क्रू असतो. तो आत घेतला, की लिव्हर हँडलजवळ येते. त्यानंतर वायर. नळीत ती गंजलेली असेल तर मुलाची सगळी ताकद त्या घर्षणातच संपते, रिंगेपर्यंत काही पोचत नाही. वायर आणि नळी दोन्ही बदलायची, दगडासारखी कडक झालेली ब्रेकची रबरंही. माझा नियम असा : माझ्या करंगळीने लिव्हर दाबली तर चाक थांबलं पाहिजे. एवढं करूनही लोखंडी रिंगेवर पाणी असलं, की ब्रेक उशिरा लागतो. ते पावसाळ्याआधी मुलाला ओल्या फरशीवर प्रत्यक्ष दाखवावं लागतं.

बाकीचं भराभर उरकतं. हँडलच्या मुठी फाटून आतला पाइप उघडा पडला असेल तर त्या बदलतोच; पडताना ते टोक पोटात घुसतं. चिमटा वाकलेला किंवा वेल्डिंग करून जोडलेला दिसला तर मात्र ती सायकल सुट्या भागांच्या ढिगात जाते. तिथे हौस कामाची नाही.

शेवटी आधाराची चाकं निघतात, आणि इथे आईबापांशी वाद ठरलेला. पण त्या चाकांमुळे सायकल कलतच नाही, आणि कलत्या सायकलीला सावरणं हेच तर शिकायचं असतं. मी पायडलंसुद्धा काढतो. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात; ते घड्याळाच्या दिशेने सुटतं. मग सीट इतकी खाली घेतो, की दोन्ही तळपाय जमिनीवर पुरते टेकावेत. आता पायांनी रेटत चालायचं. यात नवं काहीच नाही. १८१७ मध्ये जर्मनीतल्या मानहाइमला कार्ल फॉन ड्राइसने जी दुचाकी रस्त्यावर आणली तिला पायडल नव्हतंच. बसून पायांनी जमीन मागे रेटायची. चाकाला पायडल लागलं ते १८६० च्या दशकात, फ्रान्समध्ये. तोल आधी आला, पायडल मागून. पोरांनाही तोच क्रम सोपा जातो. उतारावर पाय उचलून बिनधास्त जायला लागली, की पायडलं परत बसवायची. उरलेलं त्यांचं ती शिकतात.

अशा सायकलवर शिकलेली वरच्या मजल्यावरची एक मुलगी परवा सायकल घेऊन आली. "काका, मागचा ब्रेक उशिरा लागतोय. वायर ताणा." मी बघितलं, खरंच वायर सैल पडली होती. ब्रेक ढिला आहे हे तिला कळलं होतं आणि तो आपला दोष नाही हेही. पाना तिच्याच हातात दिला. नट कुठला ते तिला दाखवावं लागलं नाही.