ट्रॅक्टरवाल्यांची टीम

आमच्या यवतमाळकडे महिंद्रा म्हणजे ट्रॅक्टर. फार झालं तर जीप, तीही सरकारी. दारव्ह्याच्या मामांकडे जुनाट बी-275 होता. कापसाच्या हंगामात ट्रॉली भरून तो जिनिंगच्या दारात रांगेला लागायचा आणि पहाटे चालू होताना अर्ध्या गल्लीला उठवायचा. या कंपनीची मुंबईत फुटबॉलची टीम आहे आणि मी ती बघायला जातो, असं नोकरीला लागल्यानंतरच्या एका दिवाळीत मी घरी सांगितलं. मामांनी सुपारी कातरता कातरता विचारलं, "कावून बा? ट्रॅक्टर इकून भागत नाही का त्यायचं?"

सगळे हसले. मीही हसलो. पण माझ्या फुटबॉलप्रेमाच्या गोष्टीत इतका नेमका प्रश्न दुसऱ्या कोणी विचारलेला नाही.

यवतमाळात आम्ही फुटबॉल खेळायचो तो पावसाळ्यात. बाकी वर्षभर पोस्टल ग्राउंडवर क्रिकेटचं राज्य. चेंडू चामड्याचा, आत रबरी ब्लॅडर, तोंडाशी बुटासारखी लेस. ब्लॅडर फुटलं की सायकलवाल्याकडे. तो ते घमेल्यातल्या पाण्यात बुडवायचा, बुडबुडे बघायचा, कानशीने घासून सोल्युशन लावायचा आणि ठिगळावर फुंकर मारत आमच्या शाळेच्या निकालाची चौकशी करायचा. लेस पुन्हा ओवणं हे खरं कसबाचं काम. गाठ बाहेर राहिली तर हेडर मारणाऱ्याच्या कपाळावर तिचा ठसा उठे. पावसात भिजून काळी माती धरली की तो चेंडू असा जड व्हायचा की गोलकीपरला पकडण्यापेक्षा सोडून देणं परवडे. विदर्भात खरा फुटबॉल होता तो नागपूर-कामठीकडे. कामठीच्या रब्बानी क्लबचं नाव आम्ही आदराने घ्यायचो. आमच्या वाट्याला 1986 चा वर्ल्ड कप आला तो शेजाऱ्यांच्या टीव्हीवर. मॅराडोना बघून आम्ही सकाळी मैदानावर जायचो आणि पाच जणांना चकवण्याच्या नादात सहाव्याच्या अंगावर पडायचो.

मग मंत्रालयात नोकरी लागली आणि कूपरेज मैदान चालत जाण्याच्या अंतरावर आलं. संध्याकाळी फायली मिटल्या की विरारची लोकल पकडण्याऐवजी मी तिकडे वळायचो. मोठ्या स्टेडियमचा थाट तिथे नव्हताच. प्रेक्षक इतक्या जवळ बसायचे की बचावपटूंची आपसातली शिवीगाळ स्वच्छ ऐकू यायची, आणि ती कोकणीत आहे की बंगालीत यावरून कोण कुठला ते कळायचं. धोबीतलावच्या कुडांमधले, म्हणजे गावकीच्या सामायिक खोल्यांमधले, म्हातारे गोवेकर, भायखळा-माझगावची पोरं, आणि मोहन बागान किंवा ईस्ट बंगाल आले की झवेरी बाजारातले बंगाली सोनार-कारागीर. ते आले की मैदान भरायचं आणि घरच्या संघाला परक्या गावी खेळल्यासारखं वाटायचं.

घरचा संघ म्हणजे महिंद्रा. इंग्रजी पेपरवाले त्यांना 'जीपमेन' म्हणत. टीम 1962 ची, म्हणजे कंपनीच्या ट्रॅक्टरच्या धंद्यापेक्षा एक वर्षाने जुनी. मामांना हे सांगितलं तेव्हा त्यांना ते अजिबात पटलं नाही. मुंबईच्या मैदानावर तेव्हा असे कंपन्यांचेच संघ असत: टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, एअर इंडिया, रेल्वे. चांगला खेळलास तर नोकरी, नोकरी मिळाली तर संध्याकाळी सराव. एकेकाळी गिरणीत कबड्डीपटूंना नोकरी लागे, तसलाच हा मामला. 1998 साली महिंद्राने ड्युरँड कप जिंकला. ही स्पर्धा 1888 ची. 2000 साली टीमचं नाव महिंद्रा युनायटेड झालं आणि ती उघडउघड व्यावसायिक क्लबासारखी वागू लागली. पुढच्याच वर्षी पुन्हा ड्युरँड, 2003 मध्ये फेडरेशन कप.

माझ्या मते या सगळ्याचा कळस 2005-06 चा हंगाम. ब्राझीलचा होझे रामिरेझ बरेटो कोलकात्याचा लाडका, तो त्या वर्षी मुंबईत होता. पाठीवर बचावपटू घेऊन चेंडू छातीवर उतरवायचा आणि वळायच्या आधीच पास कुठे द्यायचा हे ठरलेलं असायचं. उजव्या बाजूने स्टीव्हन डायस पळायचा. मुंबईचा पोरगा, त्याचा क्रॉस आला की कूपरेजमधले म्हातारे गोवेकर उभे राहायचे. प्रशिक्षक डेरिक परेरा, गोव्याचेच. बचावात महेश गवळी हे नाव मी घरी सांगितलं, तर मामा म्हणाले, "गवळी? कोन्या गावचा?" गोव्याचा आहे म्हटल्यावर त्यांचा रस संपला.

त्या हंगामात फेडरेशन कपही आला आणि राष्ट्रीय लीगही. 1996 मध्ये सुरू झालेली ही लीग तोवर कोलकाता, गोवा आणि पंजाबच्या बाहेर गेली नव्हती. ती प्रथमच मुंबईत आली आणि मुंबईला पत्ता नव्हता. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या साहेबांनी विचारलं, "महिंद्राने काय जिंकलं म्हणता?" मी धामणगावला उतरून एसटीने गावी गेलो तेव्हा यवतमाळात मात्र ती बातमी रीतसर साजरी झाली. मामांनी ट्रॅक्टरला हार घातला. चेष्टेने घातला, पण ताज्या झेंडूचा घातला.

2007 मध्ये हा संघ आशियातल्या क्लबांच्या एएफसी कपात उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला, 2008 मध्ये तिसऱ्यांदा ड्युरँड आणली. आणि 2010 साली कंपनीने जाहीर केलं की हंगाम संपला की संघ बंद. यापुढे शाळकरी मुलांच्या स्पर्धांवर भर. कोणतं कर्ज बुडालं नव्हतं, संघ शेवटच्या नंबरावर नव्हता. धोरण बदललं, एवढंच. त्याच्या पुढच्या वर्षी पहिली राष्ट्रीय लीग जिंकणारी फगवाड्याची जेसीटीही गेली. तीही गिरणीची टीम.

ट्रॅक्टर विकून भागत नाही का, या प्रश्नाचं उत्तर कंपनीने दिलं होतं: भागतं. मला राग आला नाही असं नाही. पण अठ्ठेचाळीस वर्षं पदरचे पैसे घालून टीम चालवणाऱ्यावर राग तरी किती धरायचा?

याच सुमारास मला स्वित्झर्लंडच्या सर्वेटचा नाद लागला. आपल्याकडे स्वित्झर्लंड म्हणजे बर्फ आणि साडीतली हिरॉइन, पण जिनिव्हाचा हा क्लब 1890 चा, सतरा वेळा देशाचा विजेता. बरेटो मुंबईत आला त्याच 2005 साली सर्वेटचं दिवाळं वाजलं. मालकाने पैसे बुडवले, क्लब थेट तिसऱ्या श्रेणीत ढकलला गेला. म्हणजे आमची टीम देशात पहिली येत होती तेव्हा ते गावोगावच्या हौशी संघांशी खेळत होते. नाव तेच, गडद लाल रंग तोच. 2011 मध्ये ते वरच्या लीगमध्ये परतले, पुन्हा घसरले, 2019 मध्ये पुन्हा आले आणि 2024 ला त्यांनी स्विस कप जिंकला. मालक गेला तरी जिनिव्हा शहर होतं.

महिंद्रा युनायटेडचे खेळाडू पांगले. त्या जर्सीत खेळलेला खालिद जमील 2025 मध्ये भारताचा प्रशिक्षक झाला. मामांचा बी-275 त्याआधीच भंगारात गेला आणि त्यांच्या मुलाने नवा ट्रॅक्टर घेतला, महिंद्राचाच. मी एकदा हिशेब मांडून पाहिला, की कूपरेजला नेमाने येणाऱ्या आम्ही सगळ्यांनी वर्गणी काढली असती तर टीम किती दिवस चालली असती. बरेटोच्या एका महिन्याच्या पगाराशी येऊन मी कागद फाडला. त्यातही निम्मे बंगाली होते, आणि ते बागानचे.