मच्छरदाणी सोडण्याआधी मेणबत्ती विझवा

भामरागडात पावसाळ्यात लाईन गेली की कधी येईल याचा भरवसा नाही. पर्लकोटा नदीच्या पुलावर पाणी चढलं की गाड्या बंद. दुकानातल्या मेणबत्त्या सगळ्यात आधी संपतात. हिवतापही याच दिवसांत वाढतो. म्हणून आरोग्यसेविका या नात्याने मी घरोघरी औषध लावलेल्या मच्छरदाण्या वाटते, आणि लहानथोर सगळ्यांनी त्यातच झोपावं म्हणून मागे लागते.

अशाच एका संध्याकाळी शेजारून हाक आली, "सिस्टर, लवकर या!" दहावीतली मुलगी मच्छर चावतात म्हणून मच्छरदाणीत बसून अभ्यास करत होती. मेणबत्ती पत्र्याच्या पेटीवर, तिच्याच मेणाने चिकटवलेली. कुडाच्या फटीतून वारा आला आणि जाळी ज्योतीवर गेली. मी पोचेपर्यंत आईने मुलीला बाहेर ओढलं होतं, जाळी खाली पाडून गुंडातलं पाणी ओतलं होतं. जाळीला हातभर भोक. कडांवर काळे, टणक मणी गोठलेले. तसाच एक थेंब मुलीच्या मनगटाला चिकटला होता. आजी हळद घेऊन आली, ती मी लावू दिली नाही. थेंब उपटलाही नाही, कारण त्याच्याबरोबर कातडी सोलून निघते. २० मिनिटं मनगटावर गार पाणी धरलं, मग स्वच्छ कापडाने झाकून मलमपट्टीसाठी दवाखान्यात नेलं.

या जाळ्या सुती नसतात, पॉलिएस्टरच्या किंवा पॉलिथिनच्या असतात. पॉलिथिन साधारण १३० अंशांना वितळतं, पॉलिएस्टर २५० च्या आसपास. मेणबत्तीची ज्योत हजार अंशांच्या वर असते. तिची आच वर चढते, त्यामुळे बाजूच्या वस्तूपेक्षा वर लोंबणारी वस्तू लवकर पेटते. जाळी, दोरीवरचे कपडे, साडीचा पदर, सगळं त्यात आलं.

तेव्हापासून मच्छरदाणी हातात देताना मी मेणबत्तीचंही सांगते. स्टीलच्या गंजात वाळू भरा आणि मेणबत्ती तीत रोवा, म्हणजे कलंडली तरी वाळूतच पडेल. प्लास्टिकच्या झाकणावर ठेवू नका. मेणबत्ती संपता संपता झाकणच पेट घेतं. कुडापासून, अंथरुणापासून दूर ठेवा, पोरांचा हात पोचणार नाही अशी. जवळ पाण्याचा गुंड भरलेला असू द्या. जाळी सोडण्याआधी मेणबत्ती विझवा, आत उजेड लागला तर बॅटरी वापरा. आणि मेणबत्तीच्या भीतीने मच्छरदाणी वापरणं मात्र सोडू नका, हिवताप जीव घेतो.

शेजारच्या चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट आहे. इतकी वीज जवळ तयार होत असताना आमच्या मुलांनी मेणबत्तीवर अभ्यास करावा, हे मला पटत नाही. तारा जोडायला वेळ लागत असेल, तर निदान मच्छरदाणीसोबत प्रत्येक घरी एक सौर दिवा द्यावा. पुलावर पाणी असताना घर पेटलं, तर बाहेरून कोणीच पोचू शकणार नाही. म्हणून पावसाळ्याआधीच हे दिवे घरोघरी पोचायला हवेत.